एका कानाचा घोडा

४ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. ते तुला लहानपणापासून इतके दिलेत की आता नवीन उरलेले नाहीत, जुनेच वापर.

मागच्या पत्राच्या अगदी शेवटी तू एक ओळ घुसडली होतीस, की हल्ली सुट्टीच्या दिवशी बुद्धिबळ शिकते आहेस. एवढी मोठी बातमी आणि ती 'बाकी सर्व ठीक'च्या शेजारी दडपून? अगं, चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले मी. ओळीच्या टोकाला कोंबलेला शब्द माझ्या नजरेतून सुटत नाही. तर आता मलाही शिकव. काका पुतणीकडे शिकवणी लावतो म्हणून हसू नकोस, आणि घरात तर अवाक्षर काढू नकोस.

कारण तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, म्हणजे राग ताजा राहतो. सहा वर्षांपूर्वी तुमच्या घरालगतच्या, तुझ्या बाबांच्या पाट्या रंगवायच्या दुकानाच्या पायरीवर आमचा डाव चालला होता. दादाकडून मी जन्मात एकही डाव जिंकलो नव्हतो आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं. पण त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, "जुळाऱ्याला ओळी तेवढ्या दिसतात. तिरकं काही तुझ्या डोक्यात शिरायचं नाही." मी पट उलथला. मोहरे रस्ताभर झाले. बाकी सगळे सापडले, एक पांढरा घोडा तेवढा सापडेना. गटारात गेला असणार. दादा म्हणाला, घोडा घेऊन आल्याशिवाय ही पायरी चढायची नाही. मी म्हणालो, तुला हरवण्याइतका तयार झाल्याशिवाय चढणारच नाही. दोघांनीही शब्द पाळलाय. आपल्या घराण्यात एवढं एकच काम नेटाने होतं.

आता मी सत्तरीला आलो आणि तो पंचाहत्तरीला. तयार व्हायचं तर लवकर व्हायला हवं, हे मला कळतं. इथल्या वाचनालयात एक चष्मेवाला येतो. दुकान मुलाच्या हवाली करून दिवसभर पटाशी बसलेला असतो. तो मला बारा-तेरा चालींत गुंडाळतो आणि वर माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणतो. मी मनाशी ठरवलंय, त्याला तीन वेळा हरवायचं आणि मग तुमच्याकडची गाडी पकडायची. त्याआधी नाही.

फोन करू नकोस. यंत्रांच्या खडखडाटाने माझे कान गेलेत, फोनवर मला नुसती घुरघुर ऐकू येते. पत्रच लिही, आणि आकृत्या काढून पाठव.

तुझा
काका


१५ मार्च

ती. काका,

नमस्कार. पहिली विनंती: निदान पाकिटावर तरी 'ढब्बू' लिहू नका. मी दवाखान्यात एक्स-रे काढते, माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत, आणि टपालवाला दारातून ढब्बू म्हणून हाक मारतो. चाळिशीत हे शोभत नाही.

शिकवेन. म्हणजे मी जे शिकते ते तुम्हाला पाठवेन. आमच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या एक बाई आहेत, त्या मला शिकवतात. फार कडक आहेत. त्यांचं म्हणणं, चाली पाठ करणारा माणूस चार चालींनंतर उघडा पडतो. चाली सोडा, आकृत्या ओळखायला शिका. कोणता मोहरा कुठे उभा आहे यापेक्षा त्या दोघातिघांत मिळून काय आकार तयार झालाय ते बघा.

पहिला धडा घोड्याचा. सोबतच्या कागदावर पट काढलाय. घोडा मधोमध ठेवून तो जिथे जिथे जाऊ शकतो त्या आठ घरांवर ठिपके दिलेत. ठिपके बोटाने जोडून बघा, चाक दिसेल. आता मुख्य गोष्ट. घोडा काळ्या घरात असला की फक्त पांढऱ्या घरांवर मारा करतो, आणि पांढऱ्यात असला की फक्त काळ्यांवर. म्हणजे समोरच्याचे राजा आणि वजीर एकाच रंगाच्या घरांत उभे दिसले, की लगेच शोधायचं: कुठल्या घरात घोडा बसला तर दोघं एकदम त्याच्या चाकावर येतील? राजाला शह बसतो, राजाला हलावंच लागतं आणि वजीर फुकट मिळतो. दोघं वेगवेगळ्या रंगांत असतील तर शोधत बसू नका, ते घोड्याला एकदम मिळणारच नाहीत.

घोड्याला एकच कान आहे, त्याकडे दुर्लक्ष करा.

बाबांनी दुकान बंद केलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं का? दिवाळखोरी वगैरे नाही हो. वय झालं म्हणतात. दिवसभर पुढच्या खोलीत खिडकीशी बसतात. तुमचं नाव निघालं की भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतंय का ते बघायला उठतात. तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसलेलं मला बघायचं आहे. माझी फी तेवढीच.

तुमची
(पाकिटावर नसावं असं नाव)


२४ मार्च

चि. ढब्बूस,

पाकिटावर या वेळी 'सौ. ढब्बू' लिहिलंय. मान वाढवला.

धडा पोचला आणि माझं डोकं फिरलं. आता जिकडे तिकडे घोडेच दिसतात. वाचनालयाच्या व्हरांड्यात काळ्यापांढऱ्या फरश्या आहेत. काल त्यांवरून मी दोन पुढे एक बाजूला, दोन पुढे एक बाजूला असा चालत गेलो. ग्रंथपाल बाईंनी धावत येऊन माझा दंड धरला आणि खुर्चीत बसवून पाणी पाजलं. चक्कर आली नाही हे पटवून देता देता खरोखरच आली.

घरी जुन्या पुठ्ठ्याचा पट केलाय, बरोब्बर तुझ्या आकृतीबरहुकूम, आणि मोहरे म्हणून मोठ्या टाइपाचे लाकडी ठोकळे मांडलेत. आकृती माझ्या डोळ्यांत अशी काही चटकन भरली की मीच चकित झालो. चष्मेवाल्याच्या पुस्तकातल्या आकृत्या बघताना मला दर वेळी मनातल्या मनात त्या फिरवून घ्याव्या लागतात. तुझी बघितली आणि थेट आत शिरली. तुझ्यात शिकवण्याची कला आहे, एक्स-रे सोड.

एक शंका विचार त्या बाईंना. घोडा अंगावर आला की मी घाबरून राजाला त्याच्या शेजारीच नेऊन उभा करतो. वाटतं, जवळ गेलं की तो मारणार नाही. आणि मग दोन चालींत शह खातो. घोड्यापासून पळायचं कसं? त्याची काही आकृती आहे का?

आणि घोड्याला एकच कान का काढतेस? विसरतेस, की मुद्दाम? सहज विचारतोय.

पेंटरसाहेब खिडकीशी बसून काय करतात? तेही सहज विचारतोय.

तुझा
काका


६ एप्रिल

ती. काका,

ग्रंथपाल बाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, हात सोडू नका.

तुमची शंका मी बाईंना विचारली. त्या खूप वेळ हसल्या. हसता हसता डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अजून तीच खोड?" मग आकृती काढून दिली. ती सोबत आहे.

बघा. घोडा जिथे उभा आहे तिथून तिरप्या रेषेत दुसऱ्या घरात राजा नेऊन ठेवा. दिसायला किती जवळ आहे, पण तिथल्या राजाला शह द्यायचा तर घोड्याला तीन चाली लागतात. पटावर एवढं सुरक्षित घर दुसरं नाही. बाई म्हणाल्या, घोड्यापासून लांब पळणारे मरतात, तिरपं दुसरं घर गाठणारे वाचतात. तुमच्या भीतीला एवढंच शिकवायचं, की शेजारी जायचं नाही, तिरपं जायचं.

दुसरी आकृती उंटाची. पट्टी घेऊन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारलीय. त्या रेघेवर समोरच्याचा राजा पुढे आणि हत्ती त्याच्या पाठीमागे असे उभे आहेत. उंट त्या रेघेवर आला की राजाला बाजूला व्हावं लागतं आणि मागचा हत्ती उघडा पडतो. म्हणून नेहमी बघत राहायचं, की समोरच्याचे कोणते दोन मोहरे एका रेषेत आलेत. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही रेषा. तिरपी आधी बघायची, कारण माणूस ती शेवटी बघतो.

हे शेवटचं वाक्य बाईंचं आहे. ते सांगताना त्या जरा थांबल्या होत्या, म्हणून तसंच लिहिलं.

कानाचं म्हणाल तर, आकृती जशी समोर असते तशी उतरवते. बाबा खिडकीशी बसून रस्ता बघतात.

तुमची
ढब्बू (आता तुम्हीच जिंकलात)


१९ एप्रिल

चि. ढब्बूस,

आज मी चष्मेवाल्याला हरवलं.

हे वाक्य मी तीनदा वाचलं, आता पुढे लिहितो. सकाळी वाचनालयात गेलो आणि म्हणालो, आज पट मी मांडणार. जन्मभर पट मांडायचा मान दादाचा होता. मी आपला त्याने मांडलेल्या पटावर हरायला बसायचो. तुझी आकृती आठवून ऐटीत मांडला. चष्मेवाला पटाकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घालून बघितलं. मग वर्तमानपत्रं वाचणाऱ्या चौघांना बोलावून घेतलं. म्हणाला, तुमच्या उजव्या कोपऱ्यात काळं घर आलंय, तिथे पांढरं लागतं. राजा-वजिरांच्याही जागा बदलल्यात. हा पट तुम्ही आरशात बघून मांडलात का?

सगळे हसले. ग्रंथपाल बाईसुद्धा, ज्या एरवी शिंकेलासुद्धा दंड लावतील. माझं नाक कापलं गेलं. पण मांडणी सुधारली, खेळायला बसलो, आणि काय सांगू तुला. पंधराव्या चालीला त्याचे राजा आणि वजीर दोघं काळ्या घरांत.  तुझी आकृती होती ती, फक्त डावीची उजवीकडे. खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, त्यामुळे उलट्याचं सुलटं करायला मला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. घोडा उचलला आणि पांढऱ्या घरात ठेवला. चष्मेवाल्याने या वेळी चष्मा काढून तो पुन्हा घातलाच नाही.

घरी आलो, तुझी सगळी पत्रं काढली. प्रत्येक पटाच्या उजव्या कोपऱ्यात काळं घर. सगळ्या आकृत्या उलट्या. मला कळलं नाही ते ठीक, माझ्या डोळ्यांना उलटं तेच सुलटं वाटतं. छापखान्याबाहेर उलटं काढणारा मला आयुष्यात एकच माणूस माहीत आहे. दुकानांच्या काचांवर आतल्या बाजूने अक्षरं रंगवायचा, रस्त्यावरून सुलटी दिसावीत म्हणून.

आणि तुझ्या त्या बाईंना माझी खोड 'अजून' तीच आहे हे कसं ठाऊक?

खरं सांग. रक्त तपासणारी बाई आहे का नाही?

काका


२६ एप्रिल

ती. काका,

रक्त तपासणाऱ्या बाई आहेत. त्यांना बुद्धिबळ येत नाही.

आता सगळं सांगते. बाबांनी पुढच्या खोलीच्या खिडकीवर, खालच्या मोठ्या काचेवर, पट रंगवून ठेवलाय. कायमचा, पक्क्या रंगात. मोहरे पातळ रंगाने काढतात आणि ओल्या फडक्याने पुसतात. त्यांचा हात काचेला लागला की आपोआप उलटा चालतो, पन्नास वर्षांची सवय. मी खोलीत बसून समोर दिसेल ते वहीत उतरवते आणि तुम्हाला पाठवते. म्हणजे ते पट सुलटे दिसतात ते फक्त रस्त्यावरच्या लोकांना. हल्ली एक दूधवाला आणि शाळेतल्या एक बाई रोज थांबून कोडं सोडवतात. घरातल्या आम्हाला उलटं. आणि माझं काय, आमच्या एक्स-रेच्या फोटोत माणसाची उजवी बाजू डावीकडेच असते, त्यामुळे मलाही काही खटकलं नाही. आपल्या घराण्यात कोणालाच सरळ दिसत नाही, काका.

त्यांना मात्र यातलं काही माहीत नाही. मीच शिकते असं त्यांना वाटतं. तुमचे प्रश्न मी माझे म्हणून विचारते. 'अजून तीच खोड' ते मलाच म्हणाले असं मी धरून चालले होते.

आणि दुकान वयामुळे बंद नाही झालं. त्यांचा उजवा हात थरथरतो. शेवटची काच औषधांच्या दुकानाची होती. ओळ खाली घसरत गेली, मालक चालेल म्हणाला, पण बाबांनी रात्रभर वाट न बघता तिथेच ती खरवडून काढली आणि पैसे न घेता घरी आले. त्यानंतर ब्रश आमच्या खिडकीपुरता. काठीवर मनगट टेकवून काढतात. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल. किती दिवसांत ते सांगत नाहीत.

मी हे तुम्हाला लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. तुम्हाला दया आली तर ते त्यांना चालणार नाही. मी मात्र तुमच्या दयेला अजिबात कमी लेखत नाही.

घोड्याचा कान मी विसरत नाही. बाबाच एक कान काढतात, दर वेळी डावा गाळतात. विचारलं तर म्हणाले, दुसरा मी वेगळा ठेवलाय. थट्टा करतात.

तुमची
ढब्बू


३० एप्रिल

चि. ढब्बूस,

पत्र मिळालं. काल दुसराही डाव जिंकलो. आनंद झाला नाही.

मी ज्याला हरवायला निघालो, तोच मला बोट धरून चालवत होता. आणि मी मूर्खासारखा तुझ्या कलेचं कौतुक करत बसलो. यापुढे धडे पाठवू नकोस. त्याच्या हाताचं वाईट वाटलं. ते त्याला सांगू नकोस.

आणि तो एका कानाचा घोडा पुन्हा काढून पाठवू नकोस. मला तो बघवत नाही. का ते विचारू नकोस.

काका


१९ मे

ती. काका,

तीन आठवडे मीही लिहिलं नाही. तुम्ही रुसलात म्हणून मी रुसले, आणि घरात एकजण आधीपासूनच रुसलेले. स्वयंपाक कोणासाठी करायचा हाच प्रश्न पडतो.

तुम्ही धडे नकोत म्हणालात, म्हणून मी वही घेऊन बसणं बंद केलं. बाबा तरीही दर रविवारी खिडकीवर डाव काढत होते. परवाच्या रविवारी त्यांना एक घोडा काढायला अख्खी सकाळ लागली. मान दोनदा घसरली, दोनदा पुसली. तिसऱ्यांदा जमली तेव्हा ब्रश खाली ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकाला पाठवायचं बंद केलंस का?"

हातातली बशी मी खाली ठेवली. विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, "राजाला घोड्याशेजारी नेऊन उभा करणारा माणूस जगात एकच आहे. मी पाच वर्षांचा असल्यापासून त्याला ओळखतो."

म्हणजे दुसऱ्या धड्यापासून ते तुम्हालाच शिकवत होते. मी नुसती मधली हमाल. मी तुम्हाला फसवलं, त्यांनाही फसवलं, आणि त्यांनी आपल्या दोघांना. मला वाटलं होतं मी मोठी चतुर. 'तिरपी आधी बघायची, माणूस ती शेवटी बघतो' हे सांगताना ते का थांबले होते, तेही आता कळलं. पायरीवर तुम्हाला जे बोलले ते त्यांना परत घ्यायचं होतं, काका. एवढ्यासाठी त्यांनी दर रविवारी खिडकी रंगवणं सोडलं नाही.

मी म्हणाले, मग सरळ लिहा ना दोन ओळी.  काल सोबतचा कागद घडी करून दिला. "हे तुझ्यासाठी नाही," म्हणाले, "त्याच्या पाकिटात घाल." घडी उघडीच होती म्हणून पाहिलं. सगळं उलट्या अक्षरांत आहे. आरशासमोर धरलं असतं तर वाचता आलं असतं. मोहही झाला. धरलं नाही.

तुम्ही आणि बाबा त्या तिरप्या दुसऱ्या घराच्या आकृतीतल्या घोडा-राजासारखे उभे आहात. दोन तासांची गाडी आहे मध्ये, आणि तुम्हाला सहा वर्षं लागलीत. मी आता काही सांगत नाही. कागद वाचा आणि तुम्हीच ठरवा.

ढब्बू


२७ मे

चि. ढब्बूस,

कागद वाचला. उलटा धरावा लागला नाही. अक्षर हललंय, पण मी झिजलेल्या खिळ्यांचे छाप वाचलेला माणूस, मला अडलं नाही. एका ठिकाणी अडलं, ते अक्षरामुळे नाही.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. सहा वर्षं राहिलीय. त्या दिवशी घोडा गटारात गेला नव्हता. पट उलथल्यावर तो घरंगळत माझ्या चपलेशी येऊन थांबला. मी उचलला आणि रागाच्या भरात खिशात टाकला. वाटलं, शोधू दे जरा. मग दादा पायरीवर उपडा पडून कोपरापर्यंत हात गटारात घालून चाचपायला लागला, तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. घरी येऊन बघितलं तर घोड्याचा डावा कान तुटलेला. आता तो परत न्यायचा म्हणजे मीच चोर होतो हे कबूल करायचं. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता सहा वर्षं तो माझ्या खिळ्यांच्या पेटीत, एका रिकाम्या खणात पडून आहे. त्याला हरवल्याशिवाय येणार नाही, ही सगळी माझी बतावणी होती ढब्बू. हरायची मला सवय आहे. मला त्या घोड्याची लाज वाटत होती.

म्हणून तुझ्या पहिल्या पत्रातला एक कान बघून मी आधी पेटी उघडून घोडा जागेवर आहे का ते बघितलं होतं. स्वतःला समजावलं, पोरीला चित्र जमत नाही.

दादाने काय लिहिलंय ते सगळं सांगणार नाही, ते माझं आहे. थोडं सांगतो. माझा सदरा तेव्हाच खिशाच्या बाजूला लोंबला होता, ते त्याने बघितलं होतं. तरी गटारात हात घातला, कारण मी आपणहून बोलेन अशी त्याला आशा होती. गेली सहा वर्षं तो घोड्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं बूच ठेवून एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो. आता मोहरा उचलला की शेजारचे दोन पडतात, तेव्हा कोणीतरी समोर बसून त्याचेही मोहरे हलवून द्यायला हवेत. असा माणूस हवा, की जो आपल्या फायद्याचं घर बघून मोहरा ठेवणार नाही. मी चोर आहे हे माहीत असून त्याने हे मला लिहिलंय. इथे अडलं.

चष्मेवाल्याशी तिसरा डाव राहिला. त्याला म्हणालो, तुम्हीच जिंकलात असं समजा, मला गाडी पकडायची आहे. तो म्हणाला, निदान नंबर तरी तपासून जा. तपासला. नंबर खरंच वाढला होता.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. पट मांडायचा मान दादाचाच, काळं घर कुठल्याही कोपऱ्यात आलं तरी मी हूं की चूं करणार नाही. पायरीवर मला बघून तो घड्याळ बघायला उठला, तर उठू दे. बसेल पुन्हा.

त्याच्या कागदाची शेवटची ओळ तेवढी तुझ्यासाठी उतरवतो, सुलटी: 'कान माझ्याकडे काडेपेटीत आहे. बाकीचा घोडा घेऊन ये.'

घरात डिंक आहे का ते बघून ठेव.

तुझा
काका